आडवी करू का?

माझे भावोजी कुणाला सरळ 'हो' म्हणाल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. लग्नाच्या वेळी तरी म्हणाले असतील, असं मला वाटायचं. ताई म्हणते, तेव्हाही नाही. तिनं विचारलं होतं, "करायचं का मग लग्न?" तर उत्तर आलं, "नाही कशाला म्हणू?" एवढ्या भांडवलावर तिनं संसार उभा केला.

धंदा काचेचा. बाजाराच्या मागच्या गल्लीत लांबोळकं दुकान आहे. पुढे भिंतीला टेकवलेले आरसे, मध्ये जाड कापड ठोकलेलं मोठं टेबल, त्यामागे लाकडी खणांत उभ्या ठेवलेल्या काचा, आणि त्याच्याही मागे एक खोली, जिथे बाकडं आणि चहाची शेगडी. दुकानाला रॉकेलचा वास कायम, कारण काच कापायचा हिरा दर वेळी रॉकेलात बुडवून घ्यावा लागतो. गल्लीत भावोजींना सगळे 'वकील' म्हणतात. गिऱ्हाईक माप घेऊन आलं की वकिलांचा पहिला शब्द 'नाही'. "नाही, माप चुकलंय." कागद अजून हातात घेतलेलाही नसायचा. गिऱ्हाईक चिडायचं, शब्दाला शब्द वाढायचा, आणि शेवटी भावोजी टेप आणि काटकोन तपासायचा गुण्या घेऊन त्याच्या घरी जायचे. बऱ्याचदा माप चुकलेलंच असायचं. बरोबर निघालं तर म्हणायचे, "नाही, पण नशिबानं आलंय."

आमच्या घरीही ते असेच आले. माझ्या वडिलांच्या खोलीच्या खिडकीची काच फुटली होती. वडिलांनी ती चौकट स्वतःच्या हातानं बसवलेली, त्यामुळे तिच्याबद्दल त्यांना भलता अभिमान. भावोजींनी तिला गुण्या लावला आणि सांगितलं, "खिडकी वाकडी आहे. एक सूत बाहेर." एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. वडील म्हणाले, गुण्या वाकडा असेल. मग जे जुंपलं ते दुपारभर. एका काचेसाठी हा माणूस नंतर कितीदा तरी आमच्याकडे आला. आम्ही समजत होतो की खिडकी अवघड आहे. ताई घरी असेल तेव्हाच ती अवघड व्हायची, हे फार उशिरा आमच्या लक्षात आलं.

मी वडिलांच्या बाजूनं. तेव्हाही आणि आजही. मी शाळेत गणित शिकवते, वाद घालायला मला कारण लागत नाही. वडील गेले, पण खिडकीचा खटला मी चालू ठेवला. भावोजी मला 'मास्तरीण' म्हणतात. कुठेही भेटले तरी पाचव्या वाक्याला खिडकी निघायचीच. ताई एव्हाना भांडी घासायला उठून गेलेली असायची.

दुकानात त्यांचा एक भागीदार आहे. अंगानं लहान आणि उचलतो स्वतःपेक्षा मोठं, म्हणून त्याला सगळे मुंगी म्हणतात. मोठी काच दोघांनी न्यायची असते आणि नेहमी उभी न्यायची, कड खाली ठेवून. आडवी धरली की ती आपल्याच वजनानं मध्ये मोडते आणि खाली जो असेल त्याच्या अंगावर येते. हे काचेच्या धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं. पुढचा माणूस रस्ता बघतो आणि बोलतो: पायरी, खांब, वळण. मागच्यानं प्रत्येक वेळी उत्तर द्यायचं, म्हणजे तो जागेवर आहे हे पुढच्याला कळतं. भावोजी पुढे, मुंगी मागे. आणि जिन्याचं वळण आलं की मुंगी ठरलेला विनोद करायचा. "वकील, आडवी करू का जरा?" त्यावर भावोजी एक तर त्याची अक्कल काढायचे, नाही तर "तुझ्या टाळक्यावर कर आडवी" म्हणायचे. वर्षानुवर्षं हेच. वळण आलं, मुंगीनं विचारलं, शिव्या खाल्ल्या, काच वर गेली. वरच्या मजल्यावरच्या बायका हा तमाशा ऐकून आधीच दार उघडून ठेवायच्या.

मग भावोजींच्या डोक्यात गाठ निघाली.

त्याची सुरुवात डोकेदुखीनं झाली. डोकं दुखतं, असं ते मान्य करत नव्हते, चष्मा बदलायला झालाय म्हणत होते. एके सकाळी दुकानातच फिट आली आणि ते टेबलाजवळ कोसळले. हातात काच नव्हती, एवढंच नशीब. तपासण्या झाल्या. लिंबाएवढी गाठ, पुढच्या बाजूला. ऑपरेशन झालं, बरीचशी काढली, राहिली तिच्यासाठी रेडिएशन दिलं. भावोजींनी सर्जनशीही वाद घातला. डोक्याला माप घेऊन खुणा करत होते तेव्हा विचारलं, "हे तुम्ही बाहेरून घेतलंय की आतून?" सर्जन हसला नाही. ताई मात्र त्या दिवशी पहिल्यांदा हसली, कारण माणूस अजून ठिकाणावर होता.

गाठ आता शांत आहे, असं डॉक्टर म्हणतात. फिटसाठी गोळ्या चालू आहेत. हात चालतात, जीभ तर कधी थांबलीच नव्हती. राहिला तो थकवा.

हा थकवा म्हणजे काय, हे समजायला आम्हाला वेळ लागला. दिवसभर राबून आपण दमतो तसलं ते नव्हतं. झोपून उठलं की जावं, तर तेही नाही. चांगले बसलेले असायचे, बोलत असायचे, आणि मग एकदम सगळं विझायचं. हातातला कप हातातच राहायचा आणि चहा मांडीवर सांडायचा. एकदा जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बसून राहिले, ना वर ना खाली. शेजारीण विचारायला लागली, "भांडण झालं का हो घरात?" ताईनं त्यांना उठवून आणलं तेव्हा ते म्हणाले, "मी दमलो नव्हतो. बसलो होतो." सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय.

त्यांना दुकानात जायचं होतं. रोज सकाळी तोच विषय. मुंगी एकटाच दुकान चालवत होता, पण छोटे आरसे आणि फोटोंच्या काचा एवढंच. मोठं काम त्याला एकट्याला जमणारं नव्हतं, आणि दुसरा जोडीदार घेत नव्हता. भावोजींना टेबलावर परत उभं राहायचं होतं, हातात हिरा घ्यायचा होता. बाकी औषध, जेवण, फिरायला जाणं, हे सगळं ते त्यासाठी सोसत होते. ताईनं दुकानाची त्यांच्याकडची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवली होती. ती पोस्टात काउंटरवर बसते, दिवसभर लोकांची घाई ऐकत असते, पण स्वतः घाईनं काही बोलत नाही. एकदाच तिनं स्पष्ट सांगितलं.

"थकवा आला तर मला चालेल. न सांगता आला तर चालणार नाही. काच आहे ती."

"मी सांगीन की."

"तुम्ही? तुम्ही पायरीवर बसून नाही म्हणालात."

भावोजींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ताई तोवर बाहेर पडली होती.

पुढच्या तपासणीला मी बरोबर गेले. तिथे एक सिस्टर आहेत, उंच, केस बारीक कापलेल्या, खुर्ची ओढून रुग्णाच्या समोर गुडघ्याला गुडघा लावून बसतात. त्यांनी विचारलं, "शून्य म्हणजे अजिबात थकवा नाही, दहा म्हणजे कल्पनेतला सगळ्यात जास्त. आज किती?"

"दहा म्हणजे नक्की किती?" भावोजी म्हणाले.

"तुम्हाला वाटेल तितका."

"असं कसं? पट्टी सगळ्यांना सारखी पाहिजे. माझा दहा आणि त्या बाकावरच्या माणसाचा दहा एकच आहे का?"

"नाही," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "म्हणूनच तुमचा तुमच्याशीच ताडून बघते. मागच्या वेळी सात म्हणाला होतात."

सिस्टरांशी गाठ पडली म्हणजे भावोजींना बरं वाटायचं, हे मला कळत होतं. चांगला विरोधक रोज कुठे मिळतो?

भावोजींना रक्त द्यायला पाठवून मी सिस्टरांना विचारलं की हा थकवा आधी सांगता येतो का. त्यांनी टोलवलं नाही, नीट सांगितलं. कुणाला थकवा जास्त येईल, याचा अंदाज काही गोष्टींवरून बांधता येतो. ऑपरेशनच्या आधीपासून जो दमलेला असतो तो पुढेही दमतो. झोप नीट नसेल, मन खचलेलं असेल, रेडिएशन झालेलं असेल, फिटच्या गोळ्या असतील, तर शक्यता वाढते. "तुमचे भावोजी यातल्या बऱ्याच खणांत बसतात," त्या म्हणाल्या. "पण आज येईल की उद्या, सकाळी की संध्याकाळी, ते आम्हाला इथे बसून नाही सांगता येणार."

"मग कुणाला येईल?"

"घरच्यांना, कदाचित. बऱ्याच जणांत थकवा यायच्या जरा आधी काहीतरी बदलतं. प्रत्येकाचं वेगळं असतं. कुणी चिडतं, कुणी शब्द विसरतं. त्यांना विचारून उपयोग नाही. मेंदूच थकला तर थकल्याचा निरोप कोण देणार? तुम्ही बघत राहा."

झालं. आम्ही डोळ्यांत तेल घालून बघायला लागलो. ताईचं मत की डोळे लालसर होतात. मुंगी संध्याकाळी चक्कर टाकायचा, त्याचं मत की उजवा हात ढिला पडतो. म्हणून आल्याआल्या तो हस्तांदोलन करायचा आणि हात सोडायचाच नाही. मला वाटे की जांभया. भावोजींनी एक जांभई दिली की तिघे तिकडे बघायचे आणि ताई उशी आणायची. ते बिचारे टक्क जागे. "माणसानं घरात तोंड उघडायचं की नाही?" असं विचारायचे. आणि ज्या दिवशी डोळे स्वच्छ, हात घट्ट, जांभई एकही नाही, नेमके त्या दिवशी ताटावर बसल्या बसल्या भिंतीला डोकं टेकून नाहीसे व्हायचे. आमचा एकही आडाखा टिकला नाही. हवामान खात्याला नावं ठेवणं मी त्या दिवसांत बंद केलं.

त्यात एक चांगलं होत होतं, असं आम्ही समजत होतो. भावोजींचा स्वभाव निवळत चालला होता. सगळा वेळ नाही, पण अधूनमधून, विशेषतः संध्याकाळी. ताई म्हणाली, पडदे बदलूया, ते म्हणाले, "बदल." मुंगी म्हणाला, दुकानाचं दार निळं रंगवतो, ते म्हणाले, "निळं चांगलं." इतकी वर्षं त्या दारासाठी भांडून मुंगीनं हात टेकले होते. ताई एकदा मला फोनवर म्हणाली, "आजारानं माणूस शहाणा होतो गं. परवा मला म्हणाले, तुझं बरोबर आहे." शेवटी माझाही नंबर लागला. मी नेहमीप्रमाणे खिडकी काढली आणि म्हटलं, "भावोजी, वडिलांची चौकट सरळच होती. गुण्या तुमचा वाकडा होता." ते माझ्याकडे बघत राहिले आणि मऊ आवाजात म्हणाले, "असेल. तुझंच बरोबर असेल, मास्तरीण."

इतक्या वर्षांचा खटला मी जिंकले होते. घरी जाताना पाय जमिनीवर नव्हते. शाळेत स्टाफरूममध्येही सांगितलं. त्या संध्याकाळी मी दाराबाहेर पडल्यावर भावोजी खुर्चीतून घसरून खाली पडले आणि तसेच फरशीवर झोपले, हे ताईनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. मला वाईट वाटलं. पण हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, आणि इथे अख्खं दुकान आरशांचं असून आम्हा कुणाला काही दिसलं नाही.

महिने गेले तसा भावोजींना थोडा दम आला. सिस्टर म्हणाल्या, सकाळी थोडा वेळ, बसून करायचं काम चालेल. ताईनं पर्समधून किल्ली काढून मुंगीच्या हातात दिली, भावोजींच्या नाही. ते सकाळी जायचे, फोटोंच्या काचा कापायचे, दुपारच्या आत परत. फार छान चाललं. गिऱ्हाइकांशी भांडणं पुन्हा सुरू झाली, गल्लीला करमणूक आली.

अशात एका सलूनवाल्यानं मोठ्या आरशाची ऑर्डर दिली. पहिला मजला, मध्ये वळणाचा जिना. मुंगी म्हणाला, भाड्याचा माणूस घेतो. भावोजी म्हणाले, "भाड्याचा माणूस काच पाडेल." ताईला सुट्टी नव्हती, मला होती. "तू जा," ती मला म्हणाली. "नुसतं बघायचं. आणि काही वाटलं तर थांबवायचं." काय वाटलं तर, हे तिला सांगता येईना आणि मला विचारता येईना.

त्या सकाळी भावोजी ठणठणीत होते. मी डोळे पाहिले, मुंगीनं हात दाबून पाहिला. आरसा टेंपोतून आणेपर्यंत त्यांनी टेंपोवाल्याशी, सलूनवाल्याशी आणि फुटपाथवरच्या एका अनोळखी आजोबांशी वाद घातला. मग हातमोजे चढवले, आरसा कड खाली ठेवून उभा धरला, पुढे भावोजी, मागे मुंगी, आणि मी मागून चार पायऱ्या सोडून. आरसा असला तरी हे दोघे त्याला काचच म्हणतात.

"पायरी," भावोजी.

"आली," मुंगी.

"कठडा आहे डावीकडे."

"दिसतोय. तू पुढे बघ."

"दिसतोय तर लागला कसा मघाशी?"

सगळं नेहमीचं. वळण आलं. पुढे जागा कमी होती, भावोजींनी एक पाय वरच्या पायरीवर ठेवला आणि थांबले. मुंगीनं खालून विचारलं, सवयीनं, "वकील, आडवी करू का जरा?"

"कर," भावोजी म्हणाले. "तुझं बरोबर आहे."

मऊ आवाज. मी तो आवाज ओळखला. खिडकीच्या वेळचाच तो. पडद्याच्या वेळचा, निळ्या दाराच्या वेळचा. इतके दिवस आम्ही ज्याला शहाणपण म्हणत होतो तो आवाज.

"खाली ठेवा," मी म्हटलं. "दोघंही. आत्ता."

मुंगीला मी सांगायची गरज नव्हती. तो आधीच वाकला होता. त्यानं कड पायरीवर टेकवली, मी वर चढून भिंतीच्या बाजूनं आरसा धरला, आणि भावोजींची बोटं एकेक करून काचेवरून सुटली. ते पायरीवर बसले. थोड्याच वेळात त्यांची मान खाली गेली. वरून सलूनवाला उतरला, त्यानं आणि मुंगीनं आरसा वर नेला. मी भावोजींच्या शेजारी बसून होते. मुंगी परत खाली आला आणि आमच्या खालच्या पायरीवर बसला.

"बाई," तो म्हणाला, "आयुष्यात या माणसानं मला कधी बरोबर म्हटलं नव्हतं."

मी रडले. तिथेच, लोकांच्या जिन्यात. त्यांना दुखलंखुपलं नव्हतं म्हणून रडले, आणि मी खटला कधीच जिंकले नव्हते म्हणूनही.

सिस्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं. असं त्यांनी आधी ऐकलं नव्हतं, पण त्यांना नवल वाटलं नाही. "हो म्हणायला जोर लागत नाही," त्या म्हणाल्या. "नाही म्हणायचं तर ऐकावं लागतं, ताडून बघावं लागतं, शब्द जुळवावे लागतात. माझा आपला अंदाज. पण तुमच्या घरापुरता धरून चाला." आणि मग भावोजींना म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही माझ्याशी भांडता तोवर मला काळजी नाही." भावोजी म्हणाले, "नाही, तसं काही नाही." सिस्टर समाधानानं पुढच्या रुग्णाकडे गेल्या.

ताईनं मात्र किल्ली परत पर्समध्ये टाकली. ती कुणावर चिडली नाही. रात्रीच्या भाज्या चिरताना मला एवढंच म्हणाली, "मला वाटलं होतं, ते माझं ऐकायला लागले." मी तिच्या हातातून सुरी घेतली आणि भाज्या चिरल्या. दुसरं काय करणार?

मग परीक्षेचे दिवस सुरू झाले. आम्ही तिघे त्यांना मुद्दाम वेडंवाकडं विचारायचो. मी म्हणायची, त्रिकोणाला चार कोन असतात. ताई म्हणायची, काच कापायच्या टेबलावरचं कापड काढून फरशी लावूया. मुंगी दर तासाला फोनवरून आडवी करायची परवानगी मागायचा. भावोजी फाडकन उत्तर द्यायचे आणि आम्ही निश्चिंत व्हायचो. जिथे 'असेल' आलं, तिथे ताई उशी आणायची, आणि खरंच थोड्या वेळात ते झोपायचे. आडाखा टिकला. आमच्या घरात कधी नव्हे ते सगळे या माणसानं भांडावं म्हणून देव पाण्यात घालून बसले होते.

पण भावोजी बावळट नाहीत. दुकान कशावर अडलंय, हे त्यांना कळलं, आणि ते लबाडी करायला लागले. आतून विझत आले तरी तोंडानं 'नाही, नाही' चालू. मी म्हणायची, त्रिकोणाला चार कोन; ते म्हणायचे, "नाही, चुकलंय." मी म्हणायची, मग किती? तर पुन्हा "नाही, चुकलंय." नुसता नन्नाचा पाढा, त्यात वाद कुठेच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते हेच. मी पकडलं तेव्हा ते माझ्यावर खरोखर रागावले.

"तुम्ही तिघं मिळून माझी पोपटासारखी परीक्षा घेता," ते म्हणाले. "मला माझं कळत नाही का?"

"कळतं तर सांगा की आधी," ताई म्हणाली. "तेवढंच मागतेय मी."

"सांगितलं की तू किल्ली देणार नाहीस."

"नाही सांगितलंत तर देणार नाही."

भावोजी खिडकीकडे तोंड करून बसले. त्या दिवशी ते दमलेले नव्हते, दुखावले होते. दोन्ही वेगळं असतं, हेही आम्हाला शिकावंच लागलं.

ताईनं त्यांना टेबलापासून अगदी तोडलं नाही. माझ्या सुट्टीच्या दिवशी, मी आणि मुंगी दोघंही असताना, सकाळी जायला परवानगी होती. असंच एका सकाळी आम्ही दुकानात होतो. एका बाईंना जेवणाच्या टेबलावर टाकायला मोठी काच हवी होती. बाई समोर उभ्या. भावोजींनी काच पुसली, पट्टी लावली, हिरा रॉकेलात बुडवला आणि काचेच्या कडेवर टेकवला. इथून पुढे थांबता येत नाही. चरा एकदा सुरू झाला की एका दमात, एकाच जोरानं शेवटपर्यंत न्यायचा. मध्ये हात ढिला पडला की काच वाटेल तशी जाते, आणि त्याच रेघेवरून पुन्हा हिरा फिरवत नाहीत.

मुंगीनं काही विचारलं नव्हतं. मीही नाही. बाई म्हणाल्या, "कोपरे गोल केले तर बरं दिसेल, नाही?" भावोजी काही बोलले नाहीत. गोल कोपऱ्यांवर ते एरवी अर्धा तास बोलले असते.

हिरा तसाच टेकवलेला. मग त्यांनी तो उचलला.

"मुंगी," ते म्हणाले, "विचार मला."

मुंगीला क्षणभर कळलं नाही. मग त्यानं हळूच विचारलं, "वकील, आडवी करू का?"

भावोजी काचेकडे बघत राहिले. बाई गोंधळून माझ्याकडे बघत होत्या.

"उत्तर काय द्यायचं ते मला माहीत आहे," भावोजी म्हणाले. "पण ते येत नाहीये. आणावं लागतंय."

त्यांनी हिरा पुसला, खिळ्याला अडकवला, हात धुतले आणि मागच्या खोलीत जाऊन बाकड्यावर आडवे झाले. त्यांच्या अंगावर मुंगीनं स्वतःचा सदरा घातला. बाईंना मी चहा दिला आणि काच संध्याकाळी पोचेल असं सांगितलं. ती मुंगीनं कापली. कोपरे गोल.

मी ताईला फोन केला नाही. दुपारी पोस्टातून सुटून ती घरी गेली, भावोजी आले नव्हते म्हणून दुकानावर आली, तेव्हा मुंगीनं तिला सगळं सांगितलं, अगदी बाईंच्या गोल कोपऱ्यांसकट. ताई मागच्या खोलीत गेली. भावोजी झोपलेलेच होते. तिनं पर्समधून किल्ली काढली आणि त्यांच्या उशाशी, बाकड्याच्या कडेला ठेवली. मग शेगडी पेटवून चहाचं आधण ठेवलं, पाठमोरी उभी राहून. ती रडत होती की नाही, मला दिसलं नाही. मी विचारलंही नाही.

ते जागे झाले. आधी किल्ली दिसली, मग ताई.

"ही इथे कशी?"

"उद्यापासून तुमच्याकडे राहू दे," ती म्हणाली.

भावोजी उठून बसले. चेहरा अजून उतरलेला होता, डोळे कुठेतरी लांब. आवाज आला तो मऊ होता. "बरं," ते म्हणाले.

तो शब्द ऐकून आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. ताईचा हात चहाच्या भांड्यावरच थांबला. ते अजून पुरते परतले नव्हते की खरंच बरं म्हणत होते, कळायला मार्ग नव्हता. मला एकच परीक्षा ठाऊक होती. मी दारात उभी राहून म्हटलं, "भावोजी, वडिलांची खिडकी सरळ होती."

ते गप्प. मुंगीनं मान खाली घातली. इतकी वर्षं मी या माणसाकडून एका 'हो'ची वाट बघितली, आणि त्या खोलीत उभी राहून मी मनातल्या मनात म्हणत होते, नाही म्हणा, एवढं एकदा नाही म्हणा.

भावोजींनी किल्ली उचलून खिशात टाकली. सदरा घडी करून मुंगीला दिला. चहा घेतला, एक घोट प्यायले.

"एक सूत," ते म्हणाले. "एक सूत बाहेर होती, मास्तरीण. आणि तुझा बाप चांगला माणूस होता, पण त्याला गुण्या धरता येत नव्हता."

"गुण्याच तुमचा वाकडा होता," मी म्हटलं.

ताईनं माझ्या हातात कप दिला. "बसून भांडा," ती म्हणाली.